राउंड ठरवण्याआधी घराची कागदपत्रे पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी बिझनेस स्कूलच्या प्रवेशांवर आपल्या शैक्षणिक पुरवणीत नुकताच आलेला मजकूर वाचून हे पत्र लिहीत आहे. निबंध कसा लिहावा, जीमॅट या प्रवेशपरीक्षेला किती गुण हवेत, मुलाखतीत काय विचारतात, हे सगळे त्यात चांगले मांडले होते. या शाळा वर्षातून दोन-तीन ठरावीक मुदतींत अर्ज घेतात, त्यांना राउंड म्हणतात: पहिला सप्टेंबरात, दुसरा जानेवारीत. पण अर्ज पहिल्या राउंडला करायचा की दुसऱ्या, याबद्दल मात्र 'शक्य तितक्या लवकर' एवढेच होते. पुण्यात एका राष्ट्रीयीकृत बँकेत मी अनेक वर्षे शैक्षणिक कर्जांचे काम पाहिले. निवृत्तीनंतरही कोथरूडमधल्या आमच्या आसपासची मुले आणि त्यांचे आईवडील फायली घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्याकडे पाहून मला ठामपणे वाटते की 'लवकर' हा सल्ला अपुरा आहे, आणि काही घरांच्या बाबतीत तो वर्ष वाया घालवणारा आहे.

पुण्यातल्या पालकांनी अकरावीचे केंद्रीय प्रवेश पाहिलेले असतात, इंजिनिअरिंगचे कॅप राउंड पाहिलेले असतात. तिथे फॉर्म एकच, गुण ठरलेले. पहिल्या फेरीत हवे ते कॉलेज लागले नाही तर दुसऱ्या फेरीत कटऑफ खाली येईल म्हणून थांबायचे. हीच सवय घेऊन ते परदेशी प्रवेशाकडे येतात. "काकू, सप्टेंबरला टाकून ठेवतो, नाही झालं तर जानेवारी आहेच," असे मुलेही म्हणतात. तसे होत नाही. बहुतेक बी-स्कूलमध्ये एका प्रवेशवर्षात एकदाच अर्ज करता येतो. सप्टेंबरच्या अर्जाला नकार आला, तर त्या शाळेचे दार थेट पुढच्या वर्षी. शिवाय पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये आधी अर्ज केला होता हे सांगावे लागते आणि मधल्या काळात स्वतःत काय फरक पडला तेही लिहावे लागते. घाईघाईत केलेल्या अर्जाची किंमत हार्वर्डसारख्या शाळेतली ती एक संधी आणि आयुष्यातले एक वर्ष इतकी असते. ही गोष्ट कुठल्याही क्लासच्या फलकावर मला वाचायला मिळाली नाही.

वेळापत्रक साधारण असे असते. अमेरिकेतल्या मोठ्या शाळांचा पहिला राउंड सप्टेंबरात, त्याचा निकाल डिसेंबरच्या सुमारास. दुसरा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत, निकाल मार्चअखेर. तिसरा मार्च-एप्रिलमध्ये आणि त्याचा निकाल मे महिन्यात. हार्वर्डने दोन वर्षांच्या नेहमीच्या एमबीएसाठी तिसरा राउंड ठेवलेलाच नाही. स्टॅनफर्ड आणि व्हार्टनकडे तो आहे, पण तोवर बऱ्याच जागा भरलेल्या असतात आणि व्हिसा लागणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधीच्या दोन राउंडना यावे असे अनेक शाळा स्वतःच सांगतात. आपल्याकडची कॅट ही प्रवेशपरीक्षा मात्र वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात, आणि तिचे गुण त्या वर्षापुरतेच. जीमॅटचे गुण ५ वर्षे चालतात आणि दोन प्रयत्नांत १६ दिवसांचे अंतर पुरते. त्यामुळे जीमॅट देणाऱ्याला थांबण्याची मोकळीक आहे, ती त्याने वापरली पाहिजे. (इथे एक सांगून ठेवते. नोव्हेंबर २०२३ पासून जीमॅट बदलली, आता गुण २०५ ते ८०५ असतात. जुन्या परीक्षेतल्या ७०० च्या तोडीचे गुण नव्या परीक्षेत साधारण ६४५ होतात. शेजारच्या मुलाला काही वर्षांपूर्वी ७२० मिळाले होते म्हणून आपल्या मुलीचे ६५५ कमी समजून तिला पुन्हा परीक्षेला बसवणारे वडील मी पाहिले आहेत.)

पहिला की दुसरा, याचे उत्तर अर्जदाराच्या तयारीत आहे. कर्वेनगरची एक मुलगी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. क्लासने तिला जून महिन्यापासून पहिल्या राउंडचा घोषा लावला होता. जुलैमध्ये तिचे साहेब बंगळुरूला बदलून गेले आणि नवे आले. शिफारसपत्र कोण देणार? नव्या साहेबांनी तिचे काम जेमतेम पाहिलेले. जुन्या साहेबांशी बोलायला हवे, त्यांना वेळ द्यायला हवा. अनेक शाळा आता शिफारसपत्राचा एक सामाईक नमुना वापरतात. त्यात उमेदवाराला तुम्ही दिलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती आणि तिने ती कशी घेतली, असा थेट प्रश्न असतो. आपल्याकडच्या साहेब मंडळींना 'प्रामाणिक, कष्टाळू आणि सर्वांशी मिळून मिसळून वागणारी' असे चार ओळींचे प्रशस्तिपत्र लिहायची सवय असते. त्या नमुन्यात त्याचा काही उपयोग नाही. प्रसंग आठवावे लागतात, लिहावे लागतात, आणि त्यासाठी लिहिणाऱ्याला महिना-दीड महिना मिळायला हवा. ती मुलगी जानेवारीपर्यंत थांबली. तोवर तिचा चालू प्रकल्प ग्राहकाकडे सुरू झाला, जुन्या साहेबांनी मन लावून लिहिले आणि तिला प्रवेश मिळाला. सप्टेंबरात तिने जो अर्ज पाठवला असता, त्यात यातले काहीच नसते.

पण प्रत्येकाने थांबावे असेही मला म्हणायचे नाही. चाकणच्या वाहन कारखान्यातला एक मुलगा होता. त्याची बढती एप्रिलच्या मूल्यमापनात झालेली, परीक्षा आधीच्या वर्षीच दिलेली, साहेब तेच, आणि कोणत्या शाळेत का जायचे याचे उत्तर तोंडपाठ. त्याला मी म्हटले, "अरे, तू कशासाठी थांबला आहेस? सप्टेंबरात टाक." आयटीतल्या आणि कारखान्यांतल्या भारतीय इंजिनिअरांचे अर्ज मोठ्या संख्येने जातात, त्यांच्यात एकमेकांशी तुलना होते आणि वर्ग जसा भरत जातो तशी सारख्याच पार्श्वभूमीच्या पुढच्या माणसाला जागा कमी उरते. तयार असलेल्याने सप्टेंबर सोडू नये. शिष्यवृत्तीचा पैसाही आधीच्या राउंडना अधिक मोकळा असतो.

पहिल्या राउंडच्या तारखा आपल्याकडे नेमक्या गणपती आणि पितृपंधरवड्याच्या आसपास येतात. घरातले काही जण पितृपक्षात अर्ज पाठवायला नको म्हणतात. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, पण फॉर्म आधी पाठवून टाकावा. शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही आणि तीही तिकडच्या घड्याळाने मोजतात. हार्वर्डची वेळ बॉस्टनच्या दुपारी १२ ची. म्हणजे आपल्याकडे सप्टेंबरात रात्री साडेनऊ आणि जानेवारीत साडेदहा.

आता माझ्या विषयाकडे येते, कारण यावर कुणी लिहीत नाही.

हार्वर्ड-स्टॅनफर्डसारख्या शाळेचा राहण्याखाण्यासह खर्च आज वर्षाला १ लाख डॉलरच्या वर गेला आहे. सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत परदेशी शिक्षणासाठी ७.५ लाख रुपयांच्या पुढे साधारणपणे तारण लागते आणि १५ टक्क्यांच्या आसपास वाटा घरच्यांनी उभा करायचा असतो. मध्यमवर्गीय पुणेकराकडे तारण म्हणून देण्यासारखे काय असते? राहता फ्लॅट. मग बँकेचे वकील मागील ३० वर्षांचा शोध अहवाल मागतात. मूळ खरेदीखत, इंडेक्स टू, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, सोसायटीचे भागपत्र, सोसायटीची ना हरकत, चालू मिळकतकराची पावती. मूल्यांकनकार येऊन घर मोजून जातात. सगळे सुरळीत असेल तरी यात आठवडे जातात, आणि सगळे सुरळीत असलेली फाईल माझ्या टेबलावर क्वचितच आली.

एका घराचे सांगते. नारायण पेठेतले कुटुंब, मुलाला तिसऱ्या राउंडमध्ये अमेरिकेतल्या चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला, मे महिन्यात. पेढे वाटले गेले. फ्लॅट मात्र अजून दिवंगत आजोबांच्या नावावर होता. वारस चार: मुलाचे वडील, दोन काका आणि नाशिकला दिलेली आत्या. भांडण कुणाचे कुणाशी नव्हते, सगळे सही द्यायला तयार होते. पण हक्कसोडपत्र नोंदवायला सगळ्यांनी येणे, एका काकांचे त्याच सुमारास झालेले ऑपरेशन, मग सोसायटीच्या दप्तरात नाव लागणे, मग वकिलांचा अहवाल... जुलै संपला. विद्यापीठ आय-ट्वेंटी हा कागद देण्याआधी पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवायला सांगते. बँकेचे मंजुरीपत्र नाही तर आय-ट्वेंटी नाही, आणि आय-ट्वेंटी नाही तर व्हिसाची मुलाखत नाही. विनातारण कर्ज देणाऱ्या खासगी कंपन्या होत्या, पण त्यांचा व्याजदर वडिलांना झेपणारा नव्हता. मुलाने प्रवेश सोडला. हुशारीत तो कुठेच कमी नव्हता. त्याने अर्ज ज्या राउंडला केला, त्या राउंडला त्या घराची कागदपत्रे पुरी होणे शक्यच नव्हते, आणि हे त्याला मार्चमध्ये कुणीही सांगितले नाही.

दुसरे एक कारण गेल्या काही वर्षांत वाढले आहे, ते पुनर्विकासाचे. कोथरूड, सहकारनगर, एरंडवणे, जिकडे पाहाल तिकडे जुन्या इमारती पाडून नव्या होत आहेत. आमच्याच रस्त्यावर ते चालू आहे. विकसकाशी करारनामा झाला, माणसे भाड्याच्या घरात गेली, इमारत पडली, की तो फ्लॅट तारण म्हणून घ्यायला बँक कचरते. जिथे घर होते तिथे आता खड्डा आहे आणि नव्या घराचा ताबा मिळायला वर्षे आहेत. ज्या घरात मूल पुढच्या वर्ष-दोन वर्षांत परदेशी शिकायला जाण्याचा विचार करते आहे, त्या घराने सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा ठराव येतो तेव्हा ही गोष्ट मनात ठेवली पाहिजे. दुसरे तारण आहे का, गावाकडे बिगरशेती प्लॉट आहे का, मुदत ठेवी किती आहेत, मामा-काकांपैकी कुणी आपली मिळकत द्यायला तयार आहे का, हे आधीच बोलून घ्यावे. शेतजमिनीवर विसंबू नये, ती शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून दिली नाही, तर ती शासनाच्या आदेशाने करून घेणे) न झालेल्या सोसायट्यांनीही हे काम हाती घ्यावे, निदान कागद तरी गोळा करून ठेवावेत.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी उलटा हिशोब मांडायला सांगते. वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होतो. व्हिसाची मुलाखत मुंबईला, बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत, ती मे-जूनमध्ये व्हायला हवी. त्याआधी आय-ट्वेंटी, त्याआधी मंजुरीपत्र, त्याआधी तारणाचे कागद. दुसऱ्या राउंडचा निकाल मार्चअखेरचा धरला तर हातात एप्रिल आणि मे एवढेच उरतात. घराची फाईल तयार असेल तर ते पुरतात. तयार नसेल आणि वारसनोंदीसारखे काम बाकी असेल, तर अर्जाची तयारी पूर्ण असणाऱ्याने पहिल्याच राउंडला जावे, म्हणजे डिसेंबरच्या निकालानंतर पाच-सहा महिने मिळतात. अर्जही अपुरा आणि कागदही अपुरे असतील, तर पुढच्या वर्षीचा पहिला राउंड धरावा. २६ व्या वर्षी गेले काय आणि २७ व्या वर्षी गेले काय, फार फरक पडत नाही. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणे अचानक थांबवले आणि जूनच्या मध्यानंतर ते पुन्हा सुरू झाले. ज्यांच्या मुलाखती तोवर उरकल्या होत्या त्यांची झोप उडाली नाही. उशिराच्या राउंडवाल्यांच्या घरांत ते दिवस कसे गेले हे मी जवळून पाहिले.

देशातल्या संस्थांसाठी हे गणित वेगळे आहे आणि ते पालकांना माहीत असावे. हैदराबाद आणि मोहालीच्या आयएसबीचा एका वर्षाचा अभ्यासक्रम किंवा आयआयएमचे अनुभवी लोकांसाठीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम, यांनाही राउंड असतात आणि जीमॅटचे गुण चालतात. नामांकित संस्थांच्या यादीतल्या प्रवेशांना मोठ्या बँका बऱ्याच रकमेपर्यंत विनातारण कर्ज देतात, व्हिसाचा प्रश्नच येत नाही. तिथे केवळ अर्ज कधी चांगला होईल एवढेच पाहून राउंड निवडता येतो. युरोपात इन्सियाड या बिझनेस स्कूलचे वर्ग ऑगस्टमध्येही सुरू होतात आणि जानेवारीतही. त्यामुळे सप्टेंबर हुकला म्हणून सगळे हुकले असे नाही.

एक बारीक गोष्ट पुष्कळांना महागात पडते. दोन शाळांना पहिल्या राउंडला आणि दोन शाळांना दुसऱ्या राउंडला अर्ज केला, की पहिल्या राउंडच्या शाळेचे अनामत पैसे अनेकदा दुसऱ्या राउंडचा निकाल लागण्याआधीच भरावे लागतात. ही रक्कम हजारो डॉलरमध्ये असू शकते आणि नंतर दुसरीकडे गेलात तर ती परत मिळत नाही. म्हणून जिथे खरोखर जायचे आहे त्या शाळा एकाच राउंडला ठेवाव्यात.

मुलींच्या बाबतीत घरात आणखी एक वेळापत्रक चालू असते. तुळशीचे लग्न झाले की स्थळे यायला लागतात आणि "आधी ते ठरू दे, मग अर्जाचं बघू" असे वडीलधारे म्हणतात. दुसऱ्या राउंडची सगळी तयारी नेमकी त्याच दोन महिन्यांत असते. माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी हात जोडून सांगते: ताई, स्थळ जानेवारीनंतरही येईल. तिचे हे दोन महिने तिला द्या.

संपादक महोदय, माझी विनंती अशी. प्रवेशाच्या बातम्या आणि यशस्वी मुलांचे फोटो आपण छापता ते आनंदाचे आहे. पण दर वर्षी मे महिन्यात, म्हणजे पहिल्या राउंडच्या चार महिने आधी, एक पान कर्जाच्या आणि तारणाच्या कागदांना द्यावे. सह-अर्जदाराची कोणती कागदपत्रे लागतात, किती वर्षांची आयकर विवरणपत्रे लागतात, वारसनोंद कशी करायची, कर्जाच्या व्याजावर आयकरात ८ वर्षांपर्यंत सवलत कुणाला मिळते, १८९२ पासून उच्च शिक्षणाला कर्जरूपाने मदत करणाऱ्या जे. एन. टाटा एंडोमेंटसारख्या संस्थांकडे अर्ज केव्हा करायचा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिचे काम पाहणारे समाजकल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे. जाहिरात निघते तेव्हा हातात प्रवेशपत्र असलेल्या विद्यार्थ्याला धावपळ कमी करावी लागते, हे वस्त्या-वस्त्यांतल्या मुलांपर्यंत पोहोचले पाहिजे. क्लासचे शुल्क ज्यांना परवडत नाही, त्यांना ही माहिती आपल्या वृत्तपत्रातूनच मिळणार आहे. बँकेतले माझे काही निवृत्त सहकारी आणि मी अशा पानासाठी मजकूर तयार करून द्यायला आनंदाने तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी
कोथरूड, पुणे